पाहुण्याचा तास

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो :
डावीकडून वाढा, उजवीकडून उचला.
मुलं उतरवून घेत, परीक्षेत तेच परत देत,
न उघडलेल्या पार्सलसारखं.

मग भोपाळहून कुणी आलं, दोन दिवस शिबिर झालं.
नाश्त्याला पोहे, वर शेव, जिरावन,
आणि निरोप एकच : तुम्ही बोलणं कमी करा, मुलांना करू द्या.
मी मनात म्हटलं, मग इतकी वर्षं मी काय
फळ्यालाच शिकवत होतो?
(पुढं कळलं, हो.)

आता मंगळवारी दुपारी बाकं भिंतीला सरकतात.
चार टेबलं, वसतिगृहातून आणलेल्या पांढऱ्या चादरी,
एकीच्या कोपऱ्यात अजून खोली क्रमांक बारा.
सूपच्या वाट्यांत हळदीचं गरम पाणी.
माझ्या टोपीत चिठ्ठ्या.
तुम्ही वेटर.
तुम्ही कॅप्टन, आजच रुजू झालेले.
तुम्ही दंतवैद्य, विमान चुकलंय, बायकोशी अबोला.
तुम्ही रतलामचे शेठ, कांदालसूण चालत नाही
आणि हे आधी सांगायचं नाही.

शिधयेंच्या अद्वयनं शेठ असा काही उभा केला,
असा काही गरजला वाटीभर हळदीवर,
की प्राचार्य दार उघडून बघून गेले.
बोलले काही नाहीत.
दार मात्र ओढून घेतलं.

दीपशिखा मालवीयला पाहुणी आली.
सूप गार आहे. तक्रार करा.
ती खुर्चीच्या कडेवर टेकली,
खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे
आणि ते हात धुऊन येतीलच, अशी.
वेटरनं वाटी आणली. डावीकडून. काठावर अंगठा नाही.
ही उठली,
वाटी घ्यायला दोन्ही हात पुढे.
पोरं हसली.

पुन्हा.
‘सूप कैसा है, मॅडम?’
‘अच्छा है.’
मी चिठ्ठीकडे खूण केली. चिठ्ठी तिच्या मुठीत, चुरगळून.
‘अच्छा है, भैया. थंडा भी अच्छा है.’
वर्ग फुटला.
मीही हसलो. ते इथं लिहून ठेवतो.

माझ्या हातात गुणांचा तक्ता होता.
उभं राहणं पाच, नजर पाच, ट्रेचा तोल दहा.
सगळा वाढणाऱ्याचा.
बसणाऱ्याला रकानाच नव्हता.

तास सुटल्यावर ती मागे राहिली, वाट्या विसळत.
चाळीस वाट्या, आवाज न करता,
एकीत एक, एकीत एक.
इतकं स्वच्छ काम मी कुणाला शिकवलेलं नव्हतं.
विचारलं, तेव्हा पाण्याकडेच बघत म्हणाली,
आई बायपासच्या लॉनमध्ये प्लेटा धुते, लगीनसराईत.
मीही जायचे, बारावीपर्यंत.
तिकडे हजार हजार माणसं जेवतात, सर,
आम्ही कनातीच्या मागे.
बसलोय आणि कुणी आणून वाढलंय
असं कधी झालंच नाही.
अशा वेळी काय म्हणतात?

गरम करून आणा, म्हणतात.
एवढंच?
एवढंच.
तिनं नळाखालच्या वाटीला सांगून पाहिलं,
आधी हळू, मग जरा बरं.

पुढच्या मंगळवारी टोपीत एकच मजकूर, सगळ्या चिठ्ठ्यांवर :
बसा.
ॲप्रन मी बांधला. गाठ मागे, कशीबशी.
बावीस वर्षांत ट्रे हातात धरला नव्हता,
खडूचा तोल वेगळा आणि याचा वेगळा,
टेबलापर्यंत पोचेतो
अर्धी हळद बशीत.

ती पाठ टेकून बसली होती.
मी वाकलो, वाटी ठेवली, डावीकडून.
तिनं वाटीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
‘सर, अंगूठा.’

अंगठा सुपात होता.
वर्गात कुणी हसेना.
‘बदल के लाइए,’ ती म्हणाली,
आणि थोडं थांबून,
‘गरम.’

मी वाटी उचलली,
उजवीकडून.